‘अमूर्त’ नावाची सबब : ब्रांकुशीच्या निमित्ताने

समीक्षेच्या परिभाषेत काही संज्ञा अशा असतात की त्या उच्चारल्या म्हणजे विवेचन सुरू झाले असे वाटते; प्रत्यक्षात ते तेथेच थांबलेले असते. मराठी कलासमीक्षेतील, आणि तेथून साहित्यसमीक्षेतही रुळलेली, ‘अमूर्त’ ही अशी एक संज्ञा आहे. चित्रात ओळखीची वस्तू दिसत नाही, म्हणून ते अमूर्त. शिल्पाला नाकडोळे नाहीत, म्हणून ते अमूर्त. कवितेचा आशय गद्यात सांगता येत नाही, म्हणून तीही अमूर्त. या तिन्ही विधानांत समान काय आहे? समान आहे ती समीक्षकाची अडचण. आपल्या अडचणीलाच कलाकृतीचा गुणधर्म ठरवण्याची ही रीत आपण किती काळ चालू ठेवणार आहोत, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी कॉन्स्तांतिन ब्रांकुशी (१८७६–१९५७) या शिल्पकाराचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. कारण आधुनिक अमूर्त शिल्पाचा जनक म्हणून ज्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, त्याला स्वतःला हे विशेषण मान्य नव्हते.

जुलै २०२४ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४६व्या अधिवेशनात रुमानियातील तुर्गु जिऊ येथील ब्रांकुशीच्या शिल्पसमूहाला वारसास्थळाचा दर्जा मिळाला. २०२६ मध्ये त्याच्या जन्माला दीडशे वर्षे होतात. अशा प्रसंगी जे लिहिले जाते त्याचा साचा ठरलेला आहे. होबित्सा या खेड्यातील मेंढ्या राखणारा मुलगा. बराचसा प्रवास पायी करून १९०४ साली पॅरिसला पोहोचलेला तरुण. १९०७ साली रोदँच्या कार्यशाळेत शिरून थोड्याच काळात तेथून बाहेर पडलेला स्वाभिमानी कलावंत. पुढे दाढी वाढवलेला, तिबेटी योगी मिलारेपाचे चरित्र वाचणारा एकांतवासी. इंदूरच्या महाराजांसाठी ध्यानमंदिराचे स्वप्न पाहणारा साधक. आणि अखेरीस निराकाराचा उपासक. या साच्यातील तपशील बहुतांशी खरे आहेत. आक्षेप तपशिलांना नाही, त्यांच्या मांडणीला आहे. ही संतचरित्राची मांडणी आहे. संतचरित्रात प्रत्येक घटना अंतिम साक्षात्काराकडे बोट दाखवते आणि मधल्या काळात त्या माणसाने हातांनी काय केले, हा प्रश्न गौण ठरतो. शिल्पकाराच्या बाबतीत तोच प्रश्न गौण ठरला, तर मग उरते काय?

या मांडणीला मराठीत जो अनपेक्षित आधार मिळतो, तो आपल्या संज्ञेतूनच. युरोपीय भाषांतील ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हा शब्द एका क्रियेवरून आला आहे; ओढून बाजूला काढणे, वेगळे करणे, ही ती क्रिया. तिच्यात कर्ता आहे, ज्यातून काढायचे ती वस्तू आहे, आणि काढण्याचे कामही आहे. आपण त्या क्रियेच्या जागी एक अभाव ठेवला. ‘अमूर्त’ म्हणजे जे मूर्त नाही ते. न्यायवैशेषिकांच्या व्यवस्थेत मूर्त म्हणजे मर्यादित परिमाण असलेले द्रव्य; पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन ही मूर्त, तर आकाश, काल, दिशा आणि आत्मा ही अमूर्त. बृहदारण्यकातही ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपे सांगितली आहेत. म्हणजे हा शब्द आपल्याकडे येताना आपले तत्त्वज्ञान बरोबर घेऊन येतो. एखाद्या शिल्पाला अमूर्त म्हणताक्षणी ते आकाश आणि आत्मा यांच्या पंक्तीला जाऊन बसते, आणि पुढची वाक्ये आपोआप सुचू लागतात : निर्गुण, निराकार, शून्य, अनंत. हा विचाराचा प्रवास नसून केवळ शब्दाचा उतार आहे.

विशेष म्हणजे ‘मूर्त’ हा शब्द ‘मूर्च्छ्’ या धातूपासून आला आहे, आणि त्या धातूच्या अर्थांपैकी एक म्हणजे घट्ट होणे, गोठणे. वितळलेले कांसे साच्यात ओतले जाते आणि थंड होऊन घट्ट होते, तेव्हा ते अक्षरशः मूर्त होते. कांस्यशिल्पाइतकी मूर्त वस्तू मिळणे कठीण. तिलाच अमूर्त म्हणण्यात आपल्याला काही विसंगती जाणवू नये, हे नवलाचे आहे.

आता प्रत्यक्ष शिल्पांकडे वळू. ब्रांकुशीच्या आयुष्यातील दोन प्रसंग शेजारी ठेवले तर ‘अमूर्त’ या वर्णनाची अपुरेपणा लपत नाही, असे नव्हे. ती उघडीच पडते. १९२० साली पॅरिसच्या ‘सालों दे अँदेपाँदाँ’ या प्रदर्शनातून त्याचे ‘राजकन्या एक्स’ हे शिल्प अश्लीलतेच्या आक्षेपावरून काढून टाकावे लागले. मान तुकवलेल्या स्त्रीच्या त्या घडणीत पाहणाऱ्यांना पुरुषेंद्रिय दिसले. सहा वर्षांनी, १९२६ साली, ‘अवकाशातील पक्षी’ हे कांस्यशिल्प न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले, तेव्हा जकात अधिकाऱ्यांना त्यात काहीच दिसले नाही. कलाकृतीला जकात माफ होती. पण ही कलाकृती नव्हे, असे ठरवून त्यांनी तिची गणना स्वयंपाकघरातील व रुग्णालयातील उपकरणांत केली आणि ४० टक्के जकात आकारली. एकदा आरोप असा की साम्य फार आहे. एकदा असा की साम्य मुळीच नाही. दोन्ही आरोप एकाच शिल्पकाराच्या एकाच पद्धतीवर आहेत. जे निखालस अमूर्त आहे ते अश्लील ठरू शकत नाही. आणि जे निखालस प्रतिरूप आहे ते भांडे ठरू शकत नाही. ब्रांकुशीचे काम या दोन टोकांच्या मधल्या जागेत घडते. समीक्षेने पाहायचे ते त्या जागेकडे.

जकातीच्या प्रश्नावरून न्यूयॉर्कमध्ये जो खटला चालला, त्याचा उल्लेख आपल्याकडे ‘अडाणी शासन विरुद्ध प्रतिभावंत’ अशा गोष्टीसारखा केला जातो. तो नीट वाचला तर वेगळेच हाती लागते. १९१६ सालच्या एका निवाड्यानुसार नैसर्गिक वस्तूंचे, मुख्यतः मानवी देहाचे, प्रमाणबद्ध अनुकरण करणारी कृती तेवढी शिल्प मानली जात होती. शिल्पाचा मालक, छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन, शिल्पकार जेकब एपस्टाइन आदींच्या साक्षी झाल्या. त्यांना विचारलेल्या प्रश्नांत हास्यास्पद प्रश्न होतेच. परंतु न्यायालयाने आणखीही काही विचारले : ही वस्तू कोणी केली? ओतकाम कोणाचे? ओतल्यानंतर तिच्यावर काय काय झाले? ती स्वतंत्र कृती आहे की नक्कल? ब्रांकुशीने आपल्या जबानीत ओतकामानंतरची छिद्रे बुजवण्यापासून कानशीने घासून बारीक एमरीने झिलई देण्यापर्यंतचे सारे काम आपण स्वतः हातांनी केल्याचे सांगितले. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पक्ष्याशी संबंध जोडणे अवघड असले तरी वस्तू सुंदर आहे, व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे आणि कलेची नवी वळणे ध्यानात घेतलीच पाहिजेत, असा त्या निकालाचा आशय होता. सांगायचे ते असे की, जकातीच्या न्यायालयाने वस्तूच्या घडणीविषयी जे प्रश्न विचारले, ते आपल्या समीक्षेने अद्याप विचारलेले नाहीत. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, पुरावा तपासला गेला. आपण पुराव्यावाचूनच निकाल देतो.

पुरावा कोणता? पहिला पुरावा शिक्षणाचा. ब्रांकुशी हा खेड्यातून थेट साक्षात्कारी झालेला शिल्पकार नव्हे. १८९४ ते १८९८ या काळात तो क्रायोवा येथील कला व हस्तव्यवसाय शाळेत सुतारकाम, लाकडावरील कोरीवकाम शिकला. त्यानंतर १९०२ पर्यंत बुखारेस्टच्या ललित कला विद्यालयात. तेथे त्याने दिमित्रिए जेरोता या शरीरशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली कातडी सोललेल्या मानवी देहाची प्रतिकृती घडवली, आणि स्नायूंची रचना तीत इतकी बिनचूक उतरली की वैद्यकाच्या अध्यापनात तिचा उपयोग झाला. ज्याला एकेक स्नायू ठाऊक होता, त्याने पुढे स्नायू गाळले. गाळणे आणि नसणे यांतील हा भेद आहे. ‘अमूर्त’ हा शब्द नेमका तो भेद पुसून टाकतो.

गाळण्याचा क्रम त्याच्या कृतींतून स्पष्ट दाखवता येतो. १९१० च्या ‘निद्रिस्त कलादेवी’मध्ये देहापासून सुटलेले एक मस्तक आडवे ठेवलेले आहे; पण नाकाची रेघ आहे, मिटलेल्या पापण्यांची सूचना आहे, केसांच्या लाटा आहेत. १९१५ च्या ‘नवजात’मध्ये केस गेले, अंडाकृतीचा एक भाग कापल्यासारखा सपाट झाला, आणि तेवढ्याने रडण्यासाठी उघडलेले तोंड सुचते. १९२० च्या सुमारास ‘विश्वारंभ’मध्ये उरले ते केवळ अंडे. हे शेवटचे अंडे एकटे पाहणाऱ्याला त्यात ब्रह्मांडाची कल्पना आठवेल, यात शंका नाही. हिरण्यगर्भाची परंपरा ज्यांच्या कानांवर आहे त्यांना तर ती आठवणारच. पण आधीची दोन मस्तके पाहिलेल्याला त्या अंड्यात अजूनही झोपेचे वजन जाणवते. जे गाळले गेले ते उरलेल्यात दबून आहे. समीक्षकाचे काम या दबलेल्या गोष्टीचा हिशेब देण्याचे आहे. शेवटच्या पायरीवर उभे राहून ‘निराकार’ म्हणणे सोपे; पायऱ्या मोजणे कष्टाचे.

दुसरा पुरावा द्रव्याचा. ‘अवकाशातील पक्षी’ हे एक शिल्प नाही. १९२३ पासून घडत गेलेल्या संगमरवरी आणि कांस्य अशा सुमारे सोळा आवृत्त्या आहेत, आणि त्यांच्या मागे १९१० नंतरची, रुमानियन लोककथेतील जादूच्या पक्ष्यावरून नाव घेतलेली ‘मायास्त्रा’ आहे. उंची, फुगवटा, पायाशी येणारी निमुळती मान, वरचा तिरपा छेद, हे सारे आवृत्तीगणिक बदलते. कांसे आरशासारखे चकचकीत केल्यावर भोवतालची खोली आणि पाहणारा त्यात वाकडे होऊन उतरतात. आकृतीची कडा कुठे संपते हे डोळ्याला ठरवता येत नाही. रोझालिंड क्राउस यांनी १९७७ च्या आपल्या आधुनिक शिल्पावरील ग्रंथात या पृष्ठभागाकडे लक्ष वेधले, ते योग्यच होते. संगमरवरात हे घडत नाही. तेथे प्रकाश आत मुरतो. म्हणजे ‘तोच पक्षी’ दोन द्रव्यांत दोन वेगळ्या गोष्टी करतो. द्रव्य बदलले की कृतीचे कार्य बदलते, तर त्या कृतीला द्रव्यातीत कसे म्हणायचे? आणि बैठकीचे काय? ओबडधोबड लाकूड, चुनखडीचा दगड यांच्या बैठका ब्रांकुशी स्वतः घडवी. त्या शिल्पाचाच भाग आहेत. आपल्या ग्रंथांत छापली जाणारी छायाचित्रे मात्र पुष्कळदा बैठक कापून टाकतात. अधांतरी पक्षी दाखवायचा आणि मग त्याच्या अधांतरीपणाची थोरवी गायची, हा प्रकार शास्त्रीय म्हणवत नाही.

तिसरा पुरावा ‘अनंत स्तंभा’चा. येथे आपला सामना मिर्चा एलियाद यांच्यासारख्या मातब्बर अभ्यासकाशी आहे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी या स्तंभाचे नाते आकाशाला आधार देणाऱ्या आदिम स्तंभाशी, विश्वाच्या अक्षाच्या मिथकाशी जोडले. एलियाद यांचे विवेचन व्यासंगपूर्ण आहे, आणि रुमानियन लोकपरंपरेचा संबंध नाकारण्याचेही कारण नाही. पण मिथकाने स्तंभ उभा राहत नाही. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ, गोर्ज जिल्ह्यातील स्त्रियांच्या संघटनेच्या पुढाकाराने, १९३७-३८ मध्ये तो उभारला गेला. पेत्रोशान येथील कारखान्यात ओतलेले बिडाचे पोकळ घटक एका पोलादी कण्यावर मण्यांसारखे ओवले गेले; कण्याचे आणि पायाचे गणित श्तेफान जॉर्जेस्कु-गोर्जान या अभियंत्याने केले. प्रत्येक घटकाची अरुंद बाजू ४५ सेंटिमीटर, रुंद बाजू ९० आणि उंची १८० : एकास दोनास चार. एकूण उंची सुमारे २९ मीटर. वरच्या टोकाशी घटक अर्ध्यावर तोडलेला आहे, म्हणून पुनरावृत्ती पुढे चालू राहील असे वाटते. ‘अनंत’ हा परिणाम असा त्या तोडलेल्या अर्ध्या घटकातून निर्माण होतो. कवितेत चरण मध्येच सोडल्याने अर्थ पुढे वाहत राहावा, तसा. सिडनी गाइस्ट यांनी १९६८ च्या आपल्या अभ्यासात दंतकथा बाजूला सारून शिल्पे तपासण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी. मिथक सांगणाऱ्याने हा अर्धा घटक सांगितला नाही, तर त्याचे मिथक कोणत्याही खांबाला लागू पडेल. आणि जे कोणत्याही खांबाला लागू पडते ते या खांबाविषयी काहीच सांगत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्या घरातूनच येईल. इंदूरचे काय? यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ब्रांकुशीचे तीन ‘पक्षी’ घेतले : एक कांस्याचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधण्याची योजना होती. १९३७ च्या अखेरीस ब्रांकुशी त्यासाठी भारतात आला. ज्या इंदुरात १९३५ साली मराठी साहित्यसंमेलन भरले होते, त्याच इंदुरात तो तीन वर्षांच्या आत पोहोचला, या योगायोगाचे आपल्याला अप्रूप वाटावे, हे स्वाभाविक आहे. त्यावरून असे सुचवले जाते की, ब्रांकुशीची कला मुळात आपल्या अध्यात्माकडे झेपावत होती आणि इंदूर ही तिची खरी भूमी होती.

हा युक्तिवाद काळाच्या क्रमावरच कोसळतो. ‘अवकाशातील पक्षी’ १९२३ मध्ये घडला. इंदूरची योजना १९३० नंतरची. मंदिर पक्ष्यांसाठी कल्पिले गेले, पक्षी मंदिरातून जन्मले नाहीत. मिलारेपाच्या चरित्राचे फ्रेंच भाषांतरही १९२५ चे आहे. शिवाय मंदिर झालेच नाही. न झालेल्या वास्तूवरून झालेल्या शिल्पांचा अर्थ लावणे, ही समीक्षा नसून अभिलाषा आहे. त्या तीन पक्ष्यांचे पुढे काय झाले? दोन संगमरवरी पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहात गेले. कांस्याचा पक्षी अमेरिकेत पॅसाडेना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. वस्तू आपल्या हातून गेल्या. त्यांचे ‘भारतीय अध्यात्म’ तेवढे आपण ठेवून घेतले. वस्तूंशिवाय अध्यात्म सांभाळणे फार स्वस्त पडते. माझ्या मते इंदूर प्रकरणाचा खरा धडा वेगळा आहे : एका मराठी संस्थानिकाला या शिल्पांची पारख होती, त्याच्या राजवाड्यासाठी जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस काम करत होता, आणि आधुनिकता आपल्याकडे केवळ छापील ग्रंथांतून आली, हा आपला समज अपुरा आहे. हा अभ्यासाचा विषय आहे. त्याचे भक्तिभावात विसर्जन झाले, हे नुकसान मराठी विद्येचे आहे.

दुसऱ्या बाजूने आकारवादी मंडळी मर्ढेकरांचा दाखला देतील. तेही तपासले पाहिजे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये मांडलेले लयतत्त्व, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी झालेली संघटना, अमूर्ततेचे समर्थन करते असे अनेकांनी गृहीत धरले आहे. वास्तविक मर्ढेकर प्रत्येक कलेच्या माध्यमापासून सुरुवात करतात. रंग, नाद, घनता यांच्या संवेदना हे त्यांच्या विचाराचे पहिले पाऊल आहे. संवेदनेइतके अ-अमूर्त दुसरे काय असते? या मर्यादेत मर्ढेकर आपल्या बाजूचे साक्षीदार आहेत. मात्र विषयाला, लौकिक अर्थाला, सौंदर्याच्या व्यवस्थेबाहेर ठेवण्याची त्यांची ओढ ब्रांकुशीपुढे टिकत नाही. ‘राजकन्या एक्स’च्या वक्रांमधील समतोल वर्णन करून झाला, तरी त्या वक्रांत स्त्रीची मान आणि पुरुषाचे इंद्रिय एकाच वेळी दिसते, हे सांगायचे राहतेच, आणि ते सांगितल्याशिवाय तो समतोल इतका अस्वस्थ का करतो, हे कळत नाही. लय कशाची, हा प्रश्न लयीच्या बाहेरचा नाही.

हा सारा ऊहापोह साहित्याच्या अभ्यासकाने का करावा, असे कोणी विचारील. करावा, कारण हीच सबब आपल्या वर्गांत आणि प्रबंधांत रोज वापरली जाते. दुर्बोध वाटणाऱ्या कवितेविषयी ‘कवी येथे अमूर्ततेकडे जातो’ असे वाक्य लिहिले की विद्यार्थ्याची सुटका होते, मार्गदर्शकाची होते आणि परीक्षकाचीही. कवीने कोणता संदर्भ गाळला, कोणते क्रियापद सोडले, मागच्या खर्ड्यात किंवा मागच्या संग्रहात असलेली कोणती गोष्ट येथे दबून राहिली, हे शोधण्याची गरज उरत नाही. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकाराने ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हे विशेषण नाकारून ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द पसंत केला. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) मध्ये साध्या वस्तूंविषयी आणि आकारांविषयी मराठीत किती नेमके बोलता येते, हे दाखवून दिले. कलावंत शब्द जपून वापरत असताना समीक्षकांनी ते सैल सोडावेत, हे उलटे झाले.

नवा पारिभाषिक शब्द सुचवण्याचा माझा हट्ट नाही. ‘साररूप’ म्हणा, ‘अप्रतिरूप’ म्हणा. शब्द बदलून सवय बदलत नाही. हट्ट आहे तो पद्धतीचा. कशातून काढले, काय काढले, कोणत्या द्रव्यात व कोणत्या हत्याराने काढले, आणि काढल्यानंतर जे उरले त्यात काढलेल्याची खूण कुठे राहिली, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून कोणत्याही शिल्पाला वा कवितेला ‘अमूर्त’ म्हणू नये. उत्तरे दिल्यावर तो शब्द वापरण्याची गरज बहुधा भासणार नाही. ब्रांकुशीने आपली कार्यशाळा १९५६ साली फ्रेंच शासनाच्या नावे केली ती एका अटीवर : ती जशी होती तशीच मांडली जावी; शिल्पे, बैठका, ठोकळे आणि हत्यारे यांसकट. आपली कृती कशी पाहावी याविषयी शिल्पकाराने एवढी स्पष्ट सूचना ठेवली आहे. तिच्यात हत्यारे आहेत. आपल्या समीक्षेत ती केव्हा येणार?